‘इच्छा नाही’ असं मी लिहिलं

प्राध्यापकांना मराठीत बोलतं करणं हे माझं काम. एका संस्थेच्या पॉडकास्टसाठी मी पुण्यातल्या संशोधकांच्या खोल्यांमध्ये जाते, टेबलावर दोन माइक ठेवते आणि विचारते, सध्या काय शोधताय. ऐकणारे थोडे आहेत. त्यातले बरेचसे चुका काढण्यासाठी ऐकतात आणि त्यांच्या ईमेल वेळेवर येतात.

मुलाखत सुरू होण्याआधी एक प्रश्न मला येतो. "आपण मूळच्या कुठल्या?" आईवडील वऱ्हाडातले, मी विश्रांतवाडीची, असं मी सांगते. समोरचा माणूस "अच्छा" म्हणतो. मग जरा थांबून, "पण तुमचं मराठी शुद्ध आहे हो." एका रसायनशास्त्रज्ञांना मी म्हटलं, "तुमचंही चालण्यासारखं आहे." प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूंवर ते तासभर बोलणार होते. वीस मिनिटांत घड्याळाकडे बघायला लागले.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लपवत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील भोसरीच्या एका कारखान्यात माल चढवायचे-उतरवायचे. आईची शाळा पाचवीला सुटली. शुद्ध मराठी मला कुणी वारशात दिलेलं नाही. वाचनालयात बसून, वर्गातल्या मुलींचे उच्चार ऐकून, घरी येऊन आईला दुरुस्त करत करत मी ते कमावलं. आई म्हणायची, "डोये दुखते." मी म्हणायचे, "डोळे दुखतात." डोळे का दुखतात, हे विचारायचं राहून जायचं.

ते फॉलमुळे दुखायचे. नव्या साडीला खालच्या काठाला आतून जी कापडी पट्टी लावतात, तो फॉल. पेठेतल्या एका दुकानातून साड्यांचा गठ्ठा येतो, आई त्यांना हाताने फॉल लावते आणि गठ्ठा परत जातो. टाका वरून दिसता कामा नये. आमच्या खोलीला एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी, म्हणून आई उंबऱ्यावर बसून शिवते. ऊन सरकलं की तीही सरकते. मला कळायला लागल्यापासून मी तिला तिथेच पाहिलंय.

वस्तीच्या तोंडाशी महापालिकेचं समाजमंदिर आहे. मोठा हॉल, भिंतींना ट्यूबलाइट, आणि बाराही महिने बहुतेक कुलूप. आई आणि गल्लीतल्या काही बायकांनी अर्ज केला, दुपारचा हॉल आम्हाला शिवायला उघडून द्या. त्याच हॉलसाठी दुसरा अर्ज व्यायामशाळेचा होता. वॉर्ड ऑफिसातल्या माणसाने बायकांना सांगितलं की सल्लागार समितीवर अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका आहेत, अशाच वस्त्यांवर त्यांचं पुस्तक आलंय, त्यांचं मत मागवलंय. आणि त्यांच्या पुस्तकात असं आहे म्हणे, की इथल्या बायकांना काम करायचंच नसतं.

आईने मला विचारलं, "हे बाई तुह्या वयखीची आहे का वं?"

"पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे त्यांची. मीच घेणार आहे."

"मंग सांग ना तिले. म्हना, आमच्या मायचे डोये चालले. उजेड पाह्यजे, दुसरं काही नाही मांगत."

"मुलाखतीत असं मध्येच नाही सांगता येत."

"काहून? तिले आयकू येत नाही का?"

आईला एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या पुस्तकातला सर्व्हे मी केला होता. आमच्या घरात फ्रेम करून लावलेलं एक प्रमाणपत्र आहे, ‘उत्कृष्ट क्षेत्र-अन्वेषक’ लिहिलेलं, खाली त्याच प्राध्यापिकेची सही. आई त्यावरची धूळ पदराने पुसते. ते कशाचं, हे तिने कधी विचारलं नाही. त्या कागदाच्या जोरावर मला एम.ए.ला शिफारस मिळाली आणि पुढे हे काम.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्हा मुलींना एकेक टॅब दिला आणि वस्त्या वाटून दिल्या. स्वतःच्या वस्तीत काम करायचं नाही असा नियम होता. पण मी अर्जावर मावशीचा पत्ता दिला होता, कारण आमच्या वस्तीचं नाव लिहायची मला लाज वाटायची. त्यामुळे आमचीच वस्ती माझ्या वाट्याला आली. मी कुणाला काही बोलले नाही.

टॅबवर एक प्रश्न होता. गेल्या सात दिवसांत घरकाम सोडून पैशासाठी एखादा तास तरी काही काम केलंत का? ‘हो’ दाबलं की पुढे प्रश्नांची रांग लागायची. काय काम, कुणासाठी, माल कुणाचा, किती तास, कुठे बसून, तब्येतीचं काय. संपता संपत नसे. ‘नाही’ दाबलं की एकच प्रश्न उरायचा, का नाही? त्याखाली पर्यायांची यादी, आणि यादीत सगळ्यात वर ‘इच्छा नाही’.

बाई दारात दिसली की मी विचारायचे, "काम करता का?" ती मांडीवरची साडी बाजूला करून म्हणायची, "नाही, घरीच असतो." मी ‘नाही’ दाबायचे. मग अंगठा आपोआप वरच्या पर्यायावर जायचा. दिवसाला ठरलेले फॉर्म मी दुपारच्या जेवणाआधी संपवायचे. बाकीच्याही तेच करत. आम्ही वडापावच्या गाडीशी जमायचो आणि कुणाचे किती झाले ते एकमेकींना दाखवायचो. आमच्या घराचा फॉर्म तर मी त्या गाडीशीच भरला. आईला विचारायला घरी जायचं म्हणजे ती जेवायला बसवणार, उशीर होणार.

आमच्यात एकच मुलगी मागे राहायची. पुण्यातलं जुनं मुसलमान घर, वडिलांचं बुधवार पेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दिवसाला तिचे जेमतेम दोन फॉर्म व्हायचे. तिची पद्धत निराळी होती. ती ‘काम करता का’ असं विचारायचीच नाही. बाईशेजारी बसायची आणि विचारायची, "काल दुपारी हातात काय होतं?" मग निघायचं. कुणाच्या हातात फॉल असायचा, कुणाच्या वाती, कुणी हॉटेलचा लसूण सोलत असायची. ती सगळे प्रश्न विचारायची आणि सगळी उत्तरं भरायची.

ती मला म्हणाली, "तू इतकी पटकन कशी गं करतेस? मला शिकव ना."

तिला खरंच शिकायचं होतं. मला वाटलं टोमणा मारतेय.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी विचारलं, ही मुलगी एवढी मागे का. मी म्हटलं, "सर, ती बायकांशी गप्पा मारत बसते. आणि उत्तरं सुचवते त्यांना." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आठवड्याने तिचा टॅब काढून घेतला आणि तिची उरलेली घरं मला दिली. जाताना ती मला "ऑल द बेस्ट" म्हणाली. मी "थँक यू" म्हटलं, तेही नीट उच्चारात.

त्या प्राध्यापिका मॅडमच्या आधी, त्याच आठवड्यात, माझी आणखी एक मुलाखत होती. खडकवासल्याच्या धरणात गाळ किती साचलाय हे मोजणारे एक सर. नावेला यंत्र बांधून ते पाण्यात खाली आवाज सोडतात आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली काढतात. मी विचारलं, सामान्य माणसाला याचं काय?

"तुमच्याकडे नळ आहे ना?" ते म्हणाले.

"लहानपणी गल्लीत एक होता. सगळ्यांना मिळून."

"मग तेव्हा तुम्ही सामान्य माणूस नव्हतात. लोकसंख्या होतात." स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ खूश होते. मीही हसले. माइक चालू असला की मी हसते.

मग मी विचारलं, "एखादा आकडा भलताच आला तर काय करता?"

"नाव वळवतो. त्याच जागी परत जातो. बहुतेक वेळा यंत्रच चुकलेलं असतं."

"आणि उरलेल्या वेळी?"

"उरलेल्या वेळी खाली खरंच काहीतरी असतं. म्हणून तर परत जायचं. खोलीत बसून आकडा खोडायला मला सरकारने नाव कशाला दिली असती?"

मॅडमची खोली स्वच्छ होती. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं काही कारणही नव्हतं. मी माइक ठेवला तर म्हणाल्या, "जरा लांब ठेवा. मी ओरडत नाही." नंतर, "आपण मूळच्या कुठल्या?" मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांची साडी सुती, हातमागाची होती. पायाशी काठ उलटला होता, तिथला टाका मी पाहिला. तो माझ्या आईचा नव्हता. असता तर गोष्ट जास्त छान झाली असती.

त्या बोलतात उत्तम. सोपं आणि उदाहरणं देत. म्हणाल्या, "आपल्याकडे एक रडगाणं असतं, बायकांना काम मिळत नाही. आम्ही विचारलं त्यांना. त्या सांगतात, इच्छा नाही. आता ही गोष्ट पुरोगामी मंडळींना रुचत नाही, त्याला मी काय करू? गरीब माणसाला स्वतःची आवडनिवड असते हे मान्य करायला आपण तयार नसतो. उलट मी त्या बायकांचा मान राखतेय."

मी विचारलं, "डेटाच्या शुद्धतेचं काय?" हा प्रश्न माझ्या यादीत असतोच. सगळ्यांना विचारते.

"चांगला प्रश्न. पुस्तकाच्या परिशिष्टात आहे, पण परिशिष्ट कोण वाचतं. आमच्या एका अन्वेषिकेची सगळी उत्तरं विचित्र होती. तिच्या घरांमधल्या जवळजवळ सगळ्या बायका काम करत होत्या, आणि शेजारच्याच गल्लीत इतरांना एकही सापडत नव्हती. असं कसं होईल? शिवाय पर्यवेक्षकांच्या वहीत नोंद निघाली की ती उत्तरं सुचवते. तिचे सगळे फॉर्म काढून टाकले. म्हणून तर आकडे इतके स्वच्छ आहेत."

मी रेकॉर्डर थांबवला. बोट आपोआप गेलं, जसं तेव्हा अंगठा जायचा.

"तुम्ही परत गेला होतात का? त्या घरांमध्ये?"

"कशाला?"

"बघायला."

"अहो, आम्ही अर्थशास्त्र करतो. पंचनामा नाही."

मी म्हटलं, "मी तुमच्या त्या सर्व्हेत होते, तुमच्या सहीचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. ती नोंद माझ्यामुळे झाली. मी खोटं सांगितलं होतं. ती मुलगी काही सुचवत नव्हती, ती नीट विचारत होती. आम्ही विचारत नव्हतो. ‘हो’ म्हटलं की प्रश्न वाढतात म्हणून ‘नाही’ दाबायचो. ‘इच्छा नाही’ हा पर्याय सगळ्यात वर होता, एवढंच."

मॅडमनी चष्मा काढला. चिडल्या नाहीत. त्यांचा आवाज मुलाखतीत होता तेवढाच राहिला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळ्याच."

"पुरावा?"

"मी सांगतेय ना."

"तुम्ही सांगताय की तुम्ही खोटी माहिती देता. मग हे खरं कशावरून धरू?"

मी म्हटलं, "माझी आई फॉल लावते. रोज. मी शाळेत जायच्या आधीपासून. ती तुमच्या सर्व्हेत आहे, आणि तिच्यापुढे लिहिलंय इच्छा नाही. त्या समाजमंदिराच्या अर्जावर तिचा अंगठा... सही आहे. तिला उजेड हवाय."

"तिच्यापुढे ते लिहिलं कुणी?"

"मी."

"म्हणजे आईचं काम तुम्हालाच काम वाटलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी तर त्यांना पाहिलेलंही नाही. तुम्ही रोज पाहत होतात. आणि दोष द्यायला माझ्याकडे आलात."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. त्यावर पेन ठेवलं.

"मत मी उद्या पाठवणार आहे. आत्ता बोललात ते सगळं लिहून द्या, सही करा. तसं आलं तर मला मत थांबवावं लागेल, आणि मी थांबवीन. बाकीचे फॉर्मही तपासायला लावीन. माझं पुस्तक गेलं तर गेलं. पण मग प्रमाणपत्र रद्द होईल, आणि तुमच्या संस्थेला कळवावं लागेल की त्यांची मुलाखतकार कोण आहे. नियमच तो. मी कुणासाठी वाकवत नाही."

त्यांची ही बाजू मी पुष्कळ दिवस लोकांना सांगितली नाही. त्या दुष्ट होत्या असं सांगणं सोपं पडायचं. त्या दुष्ट नव्हत्या. लिहून दिलं तर मत थांबवीन म्हणाल्या, आणि त्यासाठी कागदही दिला.

घरातलं ते प्रमाणपत्र डोळ्यांपुढे आलं, त्याच्याखालची भिंतीची ओल आली. ही नोकरी मिळाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. ‘आमची पोरगी प्रोफेसर लोकायले प्रश्न विचारते’ असं आई दुकानदारालाही सांगून आली होती. आईचे डोळे मात्र तेव्हा आठवले नाहीत. ते मी जिना उतरल्यावर आठवले.

पेन मी उचललं नाही.

मॅडमनी कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला, नीट, कोपरे जुळवून. "बरं," त्या म्हणाल्या. "सुरू करा यंत्र. पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न होता, तरुण संशोधकांना काय सांगाल. त्या म्हणाल्या, प्रामाणिक राहा. माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. माइककडे बघून म्हणाल्या.

पॉडकास्टचा तो भाग मीच संपादित केला. परिशिष्टाबद्दलचं त्यांचं बोलणं मी काढलं नाही. ते मुलाखतीतलं सगळ्यात रंगलेलं होतं. त्यानंतर मी रेकॉर्डर थांबवला तिथे एक जोड होता. त्या जागी तीन सेकंदांचं संगीत टाकलं.

मत गेलं. हॉल व्यायामशाळेला मिळाला. आता दुपारी तिथे वजनं आपटल्याचा आवाज येतो आणि सगळ्या ट्यूबलाइट चालू असतात.

भाग आला त्या रविवारी सकाळी आई उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "लाव ना तुहं ते. आयकतो मी." मी नको म्हणत होते. शेजारच्या काकूंनी आपल्या फोनवर लावून दिलं. आई शिवता शिवता ऐकत होती. माझा आवाज आला की मान हलवायची. "कशी सोच्छ बोलते," काकूंना म्हणाली.

मग मॅडमचं आलं, आम्ही विचारलं त्यांना, त्या सांगतात इच्छा नाही. आईचा हात थांबला.

"कोनाले इचारलं म्हनते हे?"

"सर्व्हे झाला होता," मी म्हटलं. "या वस्तीत."

"आपल्या गल्लीत?"

"हो."

"आपल्याकडे तं कोनीच नाही आलं." ती काकूंकडे वळली. "तुमच्याकडे आलं होतं का वो?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. आई गठ्ठा द्यायला पेठेत गेली होती तेव्हा त्यांच्या दारात टॅब घेऊन मी उभी होते आणि त्यांनी मला पाणी दिलं होतं. त्या फोन घेऊन आत गेल्या.

मग मी आईला सांगितलं. सगळं, वडापावच्या गाडीपासून कोऱ्या कागदापर्यंत. उभ्यानेच सांगितलं, पटापट, फॉर्म भरायचे तसं. आई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. सुईत दोरा जात नव्हता आणि ती पुन्हा पुन्हा टोक ओलं करत होती.

"तू घरचीच होती," ती एवढंच म्हणाली.

मी आत जाऊन वही आणली. ‘हो’नंतरचे ते प्रश्न मला अजून पाठ आहेत, एकही न भरल्यामुळे कदाचित जास्तच. मी तिच्यासमोर गल्लीत उकिडवी बसले आणि म्हटलं, "आई, काल दुपारी हातात काय होतं?"

तिने वर पाहिलं नाही. सुई डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"बाजूले हो," ती म्हणाली. "उजेड अडवून राह्यली तू."